नावावर ठेवलेले पैसे

पगाराच्या आठवड्यात सुरतेजवळच्या सचिन गावाची संध्याकाळ बदलते. एरवी स्टेशनकडून जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा रस्ता दमलेल्या माणसांचा असतो. बारा तासांची पाळी संपवून लूमच्या खात्यांतून माणसं बाहेर पडतात, तेव्हा मागांचा खडखडाट त्यांच्या कानात अजून चालूच असतो, म्हणून ती एकमेकांशी मोठ्याने बोलतात. प्रोसेस हाउसच्या बॉयलरचा धूर, ओल्या कापडाची वाफ, रंगांचा उग्र दर्प अंगावर घेऊन ती आपापल्या खोल्यांकडे वळतात. पगार झाला की याच माणसांच्या चालीत थोडा सैलपणा येतो. फळांच्या गाड्या उशिरापर्यंत उभ्या राहतात. मोबाइलच्या दुकानात तरुण पोरं काचेवर वाकलेली दिसतात. किराणा दुकानदार उधारीची वही वर काढून ठेवतो. आणि चहाच्या टपरीशी मोटारसायकल लावून, हातात लांबट डायरी घेऊन एक माणूस शांतपणे वाट बघत असतो. त्याला घाई नसते. ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे ती माणसं याच रस्त्याने येणार, हे त्याला ठाऊक असतं.

त्या आठवड्यात मीही फिरत असते. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करणाऱ्या बायका देशभर आहेत, त्यांतली मी एक. लोक मला आरडीवाल्या ताई म्हणतात. घरोघर जायचं, हप्ता घ्यायचा, कार्डावर नोंद करायची, पोस्टात भरायचा, इतकंच काम. पण उंबऱ्यात बसून कुणी नोटा मोजून देत असतं, तेव्हा नोटांबरोबर त्या घराचं मनही मोजून दिल्यासारखं समोर येतं. कोणती नोट काढताना हात अडखळला, कोणती हसत निघाली, कोणती नवऱ्याची पाठ वळल्यावर घाईघाईने पुढे झाली, हे न विचारता कळतं. इतकी वर्षं हे पाहत आल्यावर माझी एक खात्री झाली आहे. पैसा ठेवणं आणि पैसा उचलणं ही गणिताआधी मनाची कामं आहेत. भीती, लाज, माया आणि थकवा मिळून निर्णय घेतात, हिशेब मागाहून येतो.

आमच्याकडची बहुतेक मराठी घरं खान्देशातली. धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं ताप्तीकाठच्या रेल्वेने नवापूर, व्यारा, बारडोली करत उधन्याला उतरतात आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, सचिन अशी पांगतात. शेजारच्या खोलीत ओडिशाच्या गंजामचा मागवाला असतो, पलीकडे बिहारचा. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती. गाव सोडून इतक्या लांब कशासाठी आलात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: दोन पैसे गाठीला बांधायला. आणि थोड्या वेळाने, आवाज उतरवून, दुसरं उत्तर येतं: "ताई, पैसा हातमा टिकस नही."

तो का टिकत नाही, हे शोधताना उधळेपणाच्या आरोपापाशी थांबणारी माणसं पुष्कळ भेटतात. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो.

एका घरातलं उदाहरण सांगते. नाव सांगत नाही, कारण अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्या वहिनींची माझ्याकडे मुलीसाठी आरडी आहे, नियमित भरलेली. त्याच वहिनींनी दिराच्या आजारपणात सावकाराकडून शेकडा पाच दराने 20,000 रुपये उचलले. महिन्याला शंभरावर पाच, म्हणजे दरमहा 1,000 रुपये नुसतं व्याज. वर्षात 12,000 रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी. पोस्टाच्या आरडीवर वर्षाला 6.7 टक्के मिळतात, सावकाराला वर्षाला 60 टक्के द्यावे लागतात. आरडीला एक वर्ष झालं आणि 12 हप्ते भरले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्जही पोस्टातून मिळतं. मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, त्याचे पैसे तो दारात उभा राहून वसूल करेल. मुलीचे पैसे एकदा घेतले, तर ते परत मागायला कोण येणार?"

या प्रश्नात मला अर्थशास्त्रापेक्षा जास्त शहाणपण दिसलं. त्यांना व्याजाचा आकडा कळत होता. आपलं मनही कळत होतं. आईच्या कष्टातून साठलेली रक्कम मुलगी मागायला येणार नाही, म्हणून ती कधीच भरून निघणार नाही, ही भीती खरी होती. सावकाराकडून त्या पैसे घेत होत्या आणि त्याबरोबर फेडण्याचा धाकही विकत घेत होत्या. त्या धाकाची किंमत फार मोठी होती, हे मात्र तितकंच खरं.

रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाला 2017 साली नोबेल मिळालं. माणसं मनातल्या मनात पैशाचे वेगवेगळे कप्पे करतात आणि एका कप्प्यातला रुपया दुसऱ्यात टाकत नाहीत, हे त्याने मांडलं. आमच्या गल्लीत हे कप्पे उघड्या डोळ्यांनी दिसतात. पगाराचा पैसा भाड्याचा आणि किराण्याचा. उचल म्हणून घेतलेला पैसा आजारपणाचा. दिवाळीचा बोनस आनंदाचा. घरात कर्ज असलं तरी बोनसमधून मोठा टीव्ही येतो, कारण बोनस कर्जासाठी असतो असं कुणाच्या मनात कधी बसलेलंच नसतं. वर्षभर मागाच्या आवाजात उभ्या राहिलेल्या माणसाला चार दिवस आपण राजे आहोत असं वाटावं, यात मला काही वावगं दिसत नाही. पण त्याच चार दिवसांत निम्मं मुद्दल फिटलं असतं तर पुढचं आख्खं वर्ष हलकं गेलं असतं, हेही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

स्टुअर्ट रदरफर्ड या अभ्यासकाने विजयवाड्याच्या झोपडपट्टीत फिरणाऱ्या एका बाईबद्दल लिहून ठेवलं आहे. ती घरोघर रोज 5 रुपये गोळा करी, 220 दिवस. जमलेल्या 1,100 रुपयांतले 1,000 परत देई आणि 100 स्वतःच्या मेहनतीचे ठेवून घेई. म्हणजे गरीब बायका बचत करण्यासाठी पदरचे पैसे मोजत होत्या. ठेवीवर व्याज मिळण्याऐवजी त्या स्वतःच व्याज देत होत्या आणि तरीही समाधानी होत्या. कुणीतरी रोज दाराशी येतं, वाट पाहतं, न दिल्यास विचारतं, याची ती किंमत होती. मी ते वाचलं तेव्हा माझ्या फेरीचा अर्थ मला नव्याने उमगला. पोस्ट तर स्टेशनच्या पलीकडे सगळ्यांसाठी उघडं आहे. भारतात पोस्टाची बचत बँक 1882 पासून आहे. लोकांना खिडकीपेक्षा माणूस हवा असतो.

टपरीशी उभ्या असलेल्या त्या डायरीवाल्या सावकाराचीही ताकद तीच आहे. त्याचा व्यवहार ऐकायला किती सोपा असतो. 10,000 रुपये मंजूर, 1,000 आधीच कापून हातात 9,000, आणि मग रोज 100 रुपये, 100 दिवस. शंभराची नोट म्हणजे दोन माणसांचा चहा-नाश्ता आणि तंबाखू. मन ती नोट पाहतं, दर पाहत नाही. रोजच्या रोज मुद्दल कमी होत असतं, त्यामुळे वर्षाच्या हिशेबाने हे व्याज 77 टक्क्यांच्या आसपास जातं. "शंभरावर दहा" असं म्हटलं की ते दहा टक्के वाटतं. दिवसाच्या चिमटीत वर्षाचा डोंगर मावतो, म्हणून तो उचलला जातो.

तो उचलणारा माणूस कोणत्या अवस्थेत असतो, याचाही विचार करायला हवा. रातपाळी करून आलेला, घरात तापाने फणफणलेलं मूल, घरमालक भाड्यासाठी दोनदा येऊन गेलेला. तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांनी सुगीआधी हात आखडलेला असताना दिलेली बुद्धीची चाचणी आणि सुगीनंतर पैसा हातात असताना दिलेली चाचणी यांत स्पष्ट फरक पडला. ओढगस्तीत तीच माणसं कमी पडली, सुबत्तेत तीच वरचढ ठरली. तंगीची काळजी डोक्यातली जागाच व्यापून टाकते. गरिबाला अक्कल कमी म्हणून तो गरीब राहतो, असं अजूनही बोललं जातं. हा अभ्यास त्या बोलण्याला दिलेलं उत्तर आहे, आणि आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर त्याचा पुरावा आहे.

तोटा झाला की मन आणखी एक वळण घेतं. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 साली दाखवून दिलं की, लाभ समोर असताना माणूस खात्रीचं घेतो आणि तोटा समोर असताना जुगार पत्करतो. ज्या सचिनमध्ये मी राहते तिथल्या जुन्या संस्थानाचा जन्मच एका खात्रीच्या निवडीतून झाला आहे. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या सिद्दी बालुमियाँने 1791 साली तो हक्क पेशव्यांच्या बाजूने सोडला आणि सुरतेजवळचा हा मुलूख पदरात पाडून घेतला. जंजिरा पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही, बालुमियाँचं सचिन मात्र 1948 पर्यंत त्याच्या वंशजांकडे राहिलं. त्याच भूमीवर आज एखादा तरुण पोरगा कर्जाच्या भाराने घाबरून रात्री मोबाइलवर पैशाचे खेळ खेळतो. एका डावात सगळं फिटेल असं त्याला वाटतं. तो आळशी नसतो, लोभीही नसतो. पाण्यात बुडणारा हाताला लागेल ते धरतो, तसा तो ती पडद्यावरची आशा धरतो. कर्ज देणाऱ्या ॲपचा हप्ता चुकला म्हणून त्याच्या सासऱ्याला, मुकादमाला फोन जातात. मग लाज वाचवायला दुसऱ्या ॲपवरून कर्ज, आणि दुसऱ्याचं फेडायला तिसरं.

लाज. आमच्या माणसांच्या पैशाच्या व्यवहारांत हिच्याइतकं बळ दुसऱ्या कशातच नाही. सचिनमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतील, पण गावी स्लॅबचं घर हवं. बंद दाराचं ते घर वर्षातून काही दिवस उघडतं, कानबाईच्या रोटांना आणि आखाजीला. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण, झाडांना झोके बांधायचे दिवस. पूर्वीपासून शेतावरच्या सालदाराचं वर्षही याच दिवशी संपायचं आणि नवा करार व्हायचा. म्हणजे माया आणि हिशेब एकाच दिवशी एकाच ओट्यावर बसायचे. आजही तसंच आहे. गावी जायचं तर सगळ्यांना काहीतरी न्यायला हवं, सुरतेहून आलेला माणूस रिकाम्या हाताने एसटीतून उतरू शकत नाही. त्या पिशव्यांतल्या साड्या पुष्कळदा उचलीच्या पैशाच्या असतात. त्या साड्यांमागची ओढ मला कळते. ज्या गावाने जाताना रिकामे हात पाहिले, त्या गावाला भरलेले हात दाखवायचे असतात.

सोन्याचंही असंच. गळ्यातली पोत गहाण पडते, वर्षानुवर्षं व्याज भरलं जातं, पण मोडली जात नाही. मोडून कर्ज फेडलं आणि पुन्हा थोडं थोडं घेतलं तर फायदा आहे, हे कागदावर सिद्ध करता येतं. पण मोडणं म्हणजे संपणं, आणि गहाण म्हणजे परत येईल ही आशा. मन आशेसाठी व्याज भरत राहतं.

कर्जाची धास्ती मराठी माणसाच्या रक्तात जुनी आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख होता कर्जखतांवर. कागद हिसकावून जाळायचे होते. त्या उद्रेकातून 1879 चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी देहूच्या तुकोबांनी घरच्या सावकारीची खतं इंद्रायणीत सोडून दिली, असं आपली परंपरा सांगते. येणं असलेल्या माणसाने स्वतःहून मोकळं होणं, ही आपल्या संतपरंपरेने जपलेली फार मोठी आठवण आहे. त्या काळी कर्जाचा कागद हातात धरता येत होता, त्यावर अंगठा उठवताना हात थरथरत होता. आता तोच अंगठा काचेवर टेकला की पैसे खात्यात येतात. थरथरायला वेळच मिळत नाही. विचाराला जी उसंत लागते, ती या व्यवहारातून काढूनच टाकली आहे.

भीतीचा उपयोगही होतो, पण तिचं आयुष्य थोडं असतं. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे आमच्या जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाचा वायू पसरला आणि सहा कामगार गेले. त्या आठवड्यात ज्या घरात जावं तिथे विम्याची चौकशी होती. त्या वेळी वर्षाला 12 रुपये हप्ता असलेला, अपघाती मृत्यूला दोन लाख देणारा सरकारी विमा 2015 पासून होताच, त्याआधी तो कुणी विचारला नव्हता. उन्हाळा आला, गावाकडची लग्नं आली, आणि विचारणा थांबली. संकट डोळ्यांसमोर असतं तोवरच ते खरं वाटतं. म्हणून जे करायचं ते आठवणीच्या भरवशावर ठेवू नये, ते आपोआप घडेल अशी व्यवस्था त्याच आठवड्यात करून ठेवावी.

मग मनाच्या या सवयींचं करायचं काय? माझं उत्तर असं की, ज्या भावना कर्जाकडे ओढतात त्यांनाच बचतीच्या कामाला लावावं. दिलीप सोमण आणि अमर चीमा या दोघांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या मजुरांची बचत पाकिटात घालून बंद केली. ज्या पाकिटावर त्यांच्या मुलांचे फोटो होते, त्यात जास्त पैसे शिल्लक राहिले. फोटो फाडून पैसे काढणं बापाच्या हाताला जड गेलं. हे वाचायच्या कितीतरी आधीपासून मी कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहीत आले आहे: "पूजाचं कॉलेज", "आईचे डोळे", "गावच्या विहिरीची मोटार". नाव लिहिलेली खाती क्वचितच बंद पडतात. नुसती "बचत" म्हणून उघडलेली पहिल्या अडचणीतच थांबतात. सुकन्या समृद्धीचं खातं 2015 पासून मुलीच्या नावाने निघतं, त्याची ओढही मला त्या नावातच दिसते.

आरडीचा हप्ता चुकला की पोस्ट शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड घेतं. त्या एका रुपयासाठी माणसं रस्ता ओलांडून धावत येतात. मिळणाऱ्या व्याजापेक्षा जाणारा रुपया मोठा दिसतो, आणि या एका ठिकाणी मनाची ही खोड माणसाच्याच कामी येते. भिशीतही तेच बळ आहे. दहा मैत्रिणी दर महिन्याला एकत्र बसतात, तेव्हा हप्ता चुकवायची लाज वाटते. ती लाज चांगली, फक्त भिशी चालवणारी बाई ओळखीची, खरी आणि हिशेब उघडा ठेवणारी हवी. अमेरिकेत थेलर आणि बेनार्त्झी यांनी एका कंपनीतल्या कामगारांना आजच्या पगारातून काही मागितलंच नाही, पुढच्या पगारवाढीतून बाजूला काढायचं वचन तेवढं घेतलं. 40 महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. 2004 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आमच्याकडे हीच गोष्ट बोनसच्या आधी करता येते. बोनस हातात आल्यावर तो आनंदाचा होतो, त्याच्या महिनाभर आधी बोललं तर त्यातला वाटा कर्जाला देणं जड जात नाही.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मी विसरू इच्छित नाही. जिथे पगारच भाडं आणि पीठ यांत संपतो, तिथे मनाच्या युक्त्या अपुऱ्या आहेत. 2020 च्या टाळेबंदीत सुरतेहून गावाकडे चालत निघालेल्या माणसांना बचतीचा उपदेश करायची कुणाची छाती होती? वेळेवर आणि पुरेसा पगार, आजारपणात बिनव्याजी उचल, जवळ आणि चालू असलेला सरकारी दवाखाना, यांच्याइतकी मोठी बचत योजना दुसरी नाही. कारखानदारांनी आणि सरकारने ती द्यायलाच हवी. कर्जबाजारी माणसाला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, त्याची रात्र हलकी करणं हे खरं काम आहे.

तुम्ही सचिनमध्ये राहत असा, नाशकात असा, की ठाण्याच्या सोळाव्या मजल्यावर, मन सगळीकडे सारखंच. तेव्हा या पगाराला एवढं करा. घरात कुणापासून लपवलेलं कर्ज असेल तर ते नवरा-बायकोने समोरासमोर बसून मोठ्याने सांगा. लपवलेल्या कर्जाचं व्याज झोपेतून कापलं जातं. व्याज दिवसाचं किंवा महिन्याचं सांगितलं असेल तर ते वर्षाचं करून भिंतीवर लिहा. सर्वांत महाग कर्ज आधी फेडा. आणि पगार हातात येईल त्याच दिवशी, किराण्याच्याही आधी, थोडी का होईना पण एक रक्कम बाजूला काढा आणि तिला ज्याच्यासाठी ती आहे त्या माणसाचं नाव द्या.